मिलिमीटर काकाजी

काकाजींची गाडी महिन्याकाठी किती चालते, हे विचारायची आमच्या लेआउटमध्ये कुणाची छाती नाही. पण तिची चेन किती ढिली आहे, हे पेपरवाल्यापासून पोळ्या करायला येणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. २५ मिलिमीटर. गेल्या पोळ्याला २५ होती, दसऱ्याला २५ होती आणि नवतपात साऱ्या नागपूरचं डांबर चपलांना चिकटत होतं तेव्हाही २५च होती.

काकाजींना नाव आहे, पण ते लाइट बिलावर. नंदनवनातली पोट्टी त्यांना पाठीमागे ‘मिलिमीटर’ म्हणतात आणि तोंडावर ‘काकाजी’. जगनाडे चौकातून आत वळून कुणालाही ‘ते चेनवाले’ एवढं विचारलं तरी तो बरोबर गल्ली दाखवतो, आणि जाणारा मोटारसायकलवर असेल तर काळजीनं म्हणतो, “गाडी कोपऱ्यावरच लावा, पायी जा.”

नोकरी वजनमापे खात्यात झाली. दुकानदाराच्या तराजूचा काटा मधोमध उभा राहतो की नाही, मापावर शिक्का आहे की नाही, असल्यास त्याची मुदत उरली आहे की नाही, हे पाहण्यात हयात गेली. रिटायर झाल्यावर तपासायला काही उरलं नाही. घरातला तराजू काकूंनी पहिल्याच आठवड्यात माळ्यावर टाकला. मग काकाजींची नजर पोर्चमध्ये उभ्या असलेल्या स्प्लेंडरवर गेली. एमएच-३१ पासिंग, पूर्व नागपूरला ४९ नंबर मिळण्याच्या कितीतरी आधीची, टाकीवर अजून हिरो आणि होंडा ही दोन्ही नावं एकत्र नांदत असलेली. त्या दिवसापासून तिच्या चेनची तपासणी सुरू झाली, ती आजतागायत संपलेली नाही.

तुम्हाला वाटेल, चेन साफ करायची ती गाडी नीट चालावी म्हणून. काकाजींकडे हिशेब उलटा आहे. ऑइल द्यायचं तर चेन कोमट पाहिजे, म्हणजे ते पिनांच्या आत उतरतं. चेन कोमट व्हायची तर गाडी चालली पाहिजे. म्हणून दर रविवारी सकाळी काकाजी हेल्मेट घालून निघतात, केडीके कॉलेजवरून ग्रेट नाग रोडला लागतात, एक चक्कर मारून परत येतात आणि गाडी डबल स्टँडवर घेतात. बाकीच्या दिवशी ते बाजारात पायी जातात. भाजीच्या पिशव्यांचं वजन एका बाजूला पडतं आणि चाक ओढल्यासारखं होतं म्हणे.

डबल स्टँडवर गाडी आली की पोर्चचं ऑपरेशन थिएटर होतं. खाली गेल्या रविवारचा लोकमत. त्यावर पाने, लहानापासून मोठ्यापर्यंत. शेजारी पक्कड, स्टीलची पट्टी, खडू, चिंध्या आणि एक पत्र्याचा डबा. त्या डब्यात मातीचं तेल आहे. रेशनकार्डावर मिळत होतं तेव्हा काकूंनी स्टोव्हसाठी जपून ठेवलेलं. पुढे स्टोव्ह भंगारात गेला आणि डबा काकाजींच्या ताब्यात आला. आता ते तेल वाटीत काढून, ब्रशनं लावून, खालच्या थाळीत निथळून, फडक्यातून गाळून पुन्हा डब्यात जातं. इतक्या वर्षांत त्यात तेल किती उरलं आणि स्प्लेंडर किती, हे सांगणं कठीण आहे.

ब्रशचं विचाराल तर काकूंची त्यावर कायमची तक्रार. दात घासायचा ब्रश जरा कुठे फाकला की काकाजी त्याच्याकडे आशेनं पाहू लागतात. मागे काकूंचे भाऊ वर्ध्याहून दोन दिवस मुक्कामाला आले होते. सोमवारी सकाळी ते बेसिनपाशी बराच वेळ काहीतरी शोधत राहिले, आणि काकाजी पेपरमागून म्हणाले, “केस कडक होते त्याचे. हिरड्याइले चांगले नाई.”

स्प्लेंडरला पूर्ण चेन कव्हर असतं. त्यात आत डोकावायला एक भोक आणि त्याला रबरी बूच. कंपनीची अपेक्षा अशी, की माणसानं बूच काढावं, बोटानं चेन वरखाली करून पाहावी आणि बूच लावून आपल्या कामाला जावं. काकाजी अख्खं कव्हर उतरवतात. “बुचातून चेन पाहणं म्हणजे,” ते म्हणतात, “पोरगी पाहाले जाऊन दारातूनच वापस येणं.” मग खालच्या चेनच्या मधोमध पट्टी धरतात, बोटानं चेन खाली ओढतात, वर ढकलतात, आणि या दोन टोकांमधलं अंतर म्हणजे तो सुप्रसिद्ध ढिलेपणा. पण एकदा मोजून भागत नाही. जुनी चेन सगळीकडे सारखी झिजलेली नसते; एका जागी ढिली, दुसऱ्या जागी ताठ. म्हणून चाक थोडं फिरवायचं, पुन्हा मोजायचं, जिथे सर्वांत ताठ तिथे खडूची खूण करायची आणि तिथला आकडा खरा धरायचा. चाक हातानंच फिरवायचं. इंजिन चालू करून, गेर टाकून फिरत्या चेनला फडकं लावणाऱ्यांची काकाजी ओळखसुद्धा ठेवत नाहीत. मेकॅनिक लोकांच्या गल्लीत अर्ध्या बोटांचा एखादा उस्ताद दिसतोच. त्याचं उरलेलं बोट कुठे गेलं हे ते पोट्ट्यांना इतकं बारीक वर्णन करून सांगतात, की पोट्टी चहा अर्धा टाकून घरी जातात.

नवशिक्याला वाटतं, चेन जितकी टाईट तितकी बरी. काकाजी त्याला समोर बसवतात. दोघं जण गाडीवर बसले, खड्डा आला, की मागचं चाक वर येतं. इंजिनाकडचं छोटं दातेरी चक्कर, चिमट्याचा खिळा आणि चाकाचा एक्सल हे तिन्ही एका रेषेत आले, की दोन चकरांमधलं अंतर सर्वांत जास्त होतं. तेव्हा चेनला जागा कुठून मिळणार? ती ढिलाईतून. ढिलाईच ठेवली नाही तर तो ताण जातो बेअरिंगवर आणि इंजिनाच्या शाफ्टवर. (चिमटा म्हणजे मागचं चाक ज्या दोन दांड्यांमध्ये धरलेलं असतं तो. पुस्तकात त्याला स्विंग आर्म म्हणतात, पण नागपुरात तसं म्हटलं तर मेकॅनिक पैसे जास्त लावतो.)

“ढिली चेन शिव्या देते,” काकाजी समारोप करतात, “टाईट चेन काही न बोलता घर बुडवते.”

“हेच जरा घरातल्या माणसाइले लागू करा,” आतून काकूंचा आवाज येतो.

काकाजींच्या मनात एक सल मात्र आहे, आणि तो खात्याच्या काळापासूनचा. या देशात १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५८पासून शेर-मण जाऊन किलो आले, गज जाऊन मीटर आला. काकाजींनी उभी नोकरी त्या मीटरच्या बाजूनं लढून काढली. आणि त्यांच्याच पोर्चमध्ये उभी असलेली गाडी आतून इंचाची निघाली! चेनवर ४२८ असा आकडा असतो. त्यातला ४ म्हणजे इंचाचे चार अष्टमांश, थोडक्यात अर्धा इंच: एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत. मोठ्या गाड्यांची ५२० घ्या, ती पाच अष्टमांश. हे कळलं त्या रात्री काकाजी जेवले नाहीत असं काकू सांगतात. मला वाटतं पोळ्या कमी खाल्ल्या असतील. याचा माग काढत ते थेट मँचेस्टरपर्यंत पोहोचले. तिथे हान्स रेनॉल्ड नावाच्या स्विस माणसानं १८८० साली बुश आणि रोलरच्या चेनचं पेटंट घेतलं. आज सायकलपासून मोटारसायकलपर्यंत तीच चालते. इंग्लंडात बसून केली, तर इंचातच करणार. “आपल्या हद्दीत असता तं नोटीस देली असती,” काकाजी म्हणतात. हद्दीचा प्रश्न असल्यानं त्यांनी स्वतःपुरता तोडगा काढला आहे. २१ पिना मोजायच्या, पहिलीच्या मध्यापासून एकविसावीच्या मध्यापर्यंत पट्टी लावायची. कोरी चेन असेल तर २५४ मिलिमीटर भरतात. २५९ झाले की दोन टक्के झीज. चेन आणि दोन्ही चकरं मिळून अख्खा सेट बदलायचा. नुसती चेन बदलणाऱ्याला ते भैताड म्हणतात, कारण झिजलेल्या दातांवर नवी चेन चढवली की तीही जुन्या वळणाला लागते.

यात एक गोष्ट कबूल करायला हवी, आणि तीच या माणसाबद्दल सर्वांत जास्त चीड आणणारी आहे: तो चुकत नाही. लेआउटमध्ये प्रत्येकानं एकदा तरी त्यांना पकडायचा प्रयत्न केला आहे. आमच्यातल्या एकानं मोठ्या ऐटीत सांगितलं, “काकाजी, चेन ताणून ताणून लांबते.” काकाजींनी चष्मा कपाळावर घेतला. “लोखंड नाई ताणत बाप्पा. शंभराच्या वर सांधे हायेत. येकेका सांध्यात पिन झिजते, बुश झिजते, केसभर. तो केसभर बेरजेत जाते.” त्या गृहस्थांनी नंतर स्कूटर घेतली.

आता अलाइनमेंट. इथे माझा संबंध येतो, कारण दोरी धरायला माणूस लागतो आणि माझं फाटक त्यांच्या फाटकासमोर आहे.

चेन ओढायची म्हणजे एक्सलचा नट सैल करायचा आणि दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवायचे. एक बाजू जास्त गेली की चाक तिरपं बसतं, चेन चकरावर तिरपी चढते आणि दात एकाच अंगाला घासून चमकायला लागतात. हे कळावं म्हणून कंपनीनं चिमट्याच्या दोन्ही बाजूंना रेघा पाडलेल्या असतात. डावीकडे तिसरी रेघ, तर उजवीकडेही तिसरी. जगातले बहुतेक मेकॅनिक एवढं पाहून नट आवळतात.

काकाजींचा खुणांवर विश्वास नाही.

“ही रेघ कोणं तपासली?” ते विचारतात. “हिच्यावर शिक्का कुठं हाये?” तराजूवरचा सरकारी शिक्कासुद्धा ठरावीक मुदतीनं नवा करून घ्यावा लागतो, मग कारखान्यात कुणीतरी ठोकलेल्या रेघेवर जन्मभर भरवसा ठेवायचा? म्हणून ते चिमट्याच्या खिळ्याच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत पट्टीनं अंतर घेतात, डावीकडे आणि उजवीकडे, आणि ते आकडे खडूनं फरशीवर लिहितात. एवढ्यावर मन भरत नाही म्हणून मग गवंड्याची लाइनदोरी. ती मागच्या चाकाला लावून पुढच्या चाकापर्यंत ताणायची. मागे काकाजी, पुढे उकिडवा मी. मे महिन्याच्या सकाळी नऊ वाजता नागपूरचं ऊन पोर्चच्या पत्र्यावर असं बसलेलं असतं, की खाली दोरी धरणाऱ्या माणसाला आपल्या आयुष्यातल्या सगळ्या चुका आठवतात. काकाजी एक डोळा मिटून जमिनीवर आडवे झालेले. “जरासक आत घे… नाई, बाहेर… अर्धा… हां, श्वास नको घेऊ.”

नंतर ते चेन आणि मागचं चक्कर यांच्यामध्ये फडक्याची गुंडाळी घालून चाक फिरवून दाबतात, म्हणजे एक्सल पुढे ओढला जाऊन ॲडजस्टरला टेकून बसतो आणि नट आवळताना चाक सरकत नाही. मग ब्रेक. चाक मागे गेलं की ब्रेकची दांडी ओढली जाते आणि ब्रेक आपोआप घट्ट होतो. पुष्कळ लोक हे विसरतात आणि पेट्रोल जास्त लागतं म्हणून पंपवाल्याशी भांडतात. शेवटी ९० नंबरचं ऑइल, खालच्या चेनच्या आतल्या बाजूनं, थेंब थेंब, आणि वरचं जास्तीचं फडक्यानं पुसून. ते न पुसता राहिलं तर काय होतं हे काकूंच्या एका अबोली साडीवर कायमचं लिहिलेलं आहे. तेव्हापासून काकू रिक्षानं जातात आणि काकाजी त्यांना, मागच्या बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून निम्मं चाक झाकलेलं असावं असं १९८९च्या मोटार वाहन नियमांतच आहे, ही माहिती देतात. साडीवरच्या डागांबद्दल नियमांत काही नाही.

मिटलेला डोळा रविवारनंतर पुन्हा उघडतो असं नाही. गणपतीच्या मंडपात आरती सुरू असताना काकाजी एक डोळा मिटून झालर पाहतात. सत्यनारायणाला चौरंगाचे केळीचे खुंट त्यांनी गुरुजींच्या देखत सोडून पुन्हा बांधले आहेत. मारबतीच्या मिरवणुकीत लोक बडग्यांच्या पुतळ्यांवर लिहिलेले टोमणे वाचून हसतात. हे महालात गर्दीत उभे राहून बडग्याच्या गाड्याचं चाक पाहत होते. “बेरिंग गेलं,” एवढंच बोलले. त्या वर्षी काकूंनी मंडळाच्या पोट्ट्यांना सुचवलं, की पुढच्या खेपेला आमच्या घरच्या चेनचाच बडग्या काढा, वर्गणी मी देते.

सगळ्यात जास्त त्रास कॉलेजच्या पोट्ट्यांना. नंदनवनात भाड्याच्या खोल्यांत राहणारी इंजिनिअरिंगची मुलं पुष्कळ, आणि त्यांच्या गाड्यांच्या चेनी कोरड्याठक्क. काकाजींना गल्लीच्या तोंडाशीच आवाज कळतो. असंच एका संध्याकाळी त्यांनी एका मोठ्या गाडीला हात केला. पत्ता विचारायचा असेल म्हणून पोट्टा थांबला.

“चेन रडून रायली तुही. कोणत्या इयरले हायेस?”

“थर्ड इयर, काकाजी. मेकॅनिकल.”

काकाजींचा चेहरा उजळला. “मंग सांग. चेनचं लॉक कोणत्या तोंडानं बसते?”

उत्तर सोपं आहे. लॉकची पत्ती मासोळीच्या आकाराची असते. तिचं बंद तोंड चेन ज्या दिशेनं पळते तिकडे हवं. उघडं तोंड पुढे ठेवलं आणि ते कशाला अडलं, की पत्ती निघून जाते आणि मागोमाग चेन. आम्ही फाटकाशी उभे राहून पोट्ट्याच्या तोंडाकडे पाहत होतो. पोट्टा शांतपणे म्हणाला, “माह्या चेनले लॉकच नाई काकाजी. रिव्हेट हाये.”

गल्लीत सन्नाटा. काकाजी खाली वाकले. खरंच रिव्हेट होतं. ते उठले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत मी प्रथमच कौतुक पाहिलं. “पाहिली तरी हाये यानं चेन,” ते मला म्हणाले, आणि पोट्ट्याच्या खांद्यावर हात ठेवून प्रेमानं विचारलं, “धुते कायनं?”

“पेट्रोलनं.”

तो हात खांद्यावरून कसा उतरला ते सांगता येत नाही. पुढचा पाऊण तास त्या मुलाला कळत गेलं, की मोठ्या गाडीच्या चेनमध्ये दोन पत्त्यांच्या मध्ये बारीक रबरी रिंगा असतात. कारखान्यातच भरलेलं ग्रीस त्या आत कोंडून धरतात. पेट्रोलनं ते रबर खराब होतं, ग्रीस निघून जातं, पाणी आत शिरतं, आणि वरून कितीही ऑइल ओता, आतली पिन उपाशीच मरते. पोट्टा आता पलीकडच्या गल्लीतून जातो, पण त्याच्या चेनचा आवाज येत नाही.

या सगळ्यात काकाजींची पोरगी लग्नाची झाली. बँकेत नोकरी, स्वभावानं आईसारखी. पोरगा तिनंच पसंत केला होता, उमरेडचा. उरला होता तो दोन्ही घरांचा चहा-पोह्यांचा कार्यक्रम. काकूंनी आदल्या रात्री काकाजींकडून वचन घेतलं, की तिथे कुणाला काही मोजून दाखवायचं नाही. मी सोबतीला होतो. दिघोरीवरून उमरेड रोडला लागल्यापासून काकाजी गप्प होते, आणि तेच काकूंना खटकत होतं.

पोहे आले तेव्हा काकाजींची खुर्ची रिकामी होती. सगळ्यांनी सभ्यपणे तिकडे न पाहता तर्री वाढून घेतली. शेवटी पोराचे वडील उठून बाहेर गेले, मागोमाग मी. अंगणात पोराची गाडी उभी, आणि तिच्याशेजारी काकाजी उकिडवे. त्यांनी चेनवरून तर्जनी फिरवली, ती पांढऱ्या रुमालाला पुसली, रुमाल उजेडात धरला. डाग फिका, सोनेरी, काळा नव्हे. नाकाशी नेला. मग मान वर करून भरल्या गळ्यानं विचारलं, “चेन कोण पाहते?”

“मीच,” पोराचे वडील म्हणाले. कोळशाच्या खाणीत कन्व्हेअरवर फिटर होते, रिटायर झालेले. “पोट्ट्याच्या भरवशावर सोडली असती तं आतापावेतो चेन-चक्कर कामातून गेलं असतं.”

झालं. दोघांनी एकमेकांना मिठी मारली. पोराला काकाजींनी त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही. आजही जावयाचं पॅकेज विचारलं तर ते काकूंकडे बोट दाखवतात. चेनचे आकडे मात्र तोंडपाठ आहेत.

लग्नानंतर इवायांमध्ये, म्हणजे दोन्ही व्याह्यांमध्ये, थोडा ताण आला, तो ऑइलवरून. उमरेडकर स्प्रेचे, काकाजी ९०चे. स्प्रे स्वच्छ, उडत नाही, पण महाग. ९० स्वस्त, मुरतं, पण धूळ धरतं. महिनाभर फोनवर दोघं याच विषयावर होते, पोरगी मधून ‘बाबा, जेवले का?’ एवढंच म्हणायची. शेवटी धुळीच्या दिवसांत स्प्रे आणि पावसाळ्यात ९०, असा तह झाला. काकूंनी नारळ फोडला.

मागच्या रविवारी इवायांनी काकाजींना चेन ओढायच्या कामाला मुद्दाम बोलावलं. काकाजी नवा सदरा घालून बसनं गेले. संध्याकाळी परतले ते पडलेल्या चेहऱ्यानं. काकूंच्या पोटात गोळा आला. पोरीच्या सासरी काही झालं की काय. मी फाटकाशीच होतो.

“काय झालं? कसे हायेत इवाई?”

काकाजींनी चपला काढल्या, दोन्ही भिंतीला सारख्या अंतरावर लावल्या.

“माणूस हिरा हाये. बोलणं गोड, हात साफ, पाने कसे चकचकीत.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “पण खुणा पाहून चाक बांधते.”

काकूंनी सुस्कारा सोडला आणि कुकर लावायला गेल्या. काकाजींनी आतून स्टीलची पट्टी आणून पिशवीत घातली, वर लाइनदोरीचं बंडल ठेवलं, आणि पुढच्या रविवारी सकाळी उमरेडची पहिली बस किती वाजता सुटते हे मला विचारू लागले. तिकीट माझंही ते काढणार होते.